वॉर्डातले प्रश्न आणि स्व-अध्ययनाचे तास

भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बीएस्सी नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सत्रपद्धती आणली आणि वेळापत्रकात स्व-अध्ययनाचे तास घातले. हे तास केअर प्लॅनच्या वह्या उतरवण्यात जाणार असतील, तर बदल कागदावरच राहील. आपल्याला काय येत नाही हे ओळखायचे, ते कुठून शिकायचे ते ठरवायचे आणि शिकलेले तपासून घ्यायचे, हे खरे स्व-अध्ययन. वर्ध्याला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली. हातातल्या कामातून ज्ञानाकडे जाणे हा तिचा गाभा. नर्सिंगला हे तत्त्व जितके लागू पडते, तितके क्वचितच दुसऱ्या शिक्षणाला पडत असेल. शिवाय पाठ्यपुस्तक देशभरासाठी लिहिलेले असते, आणि विदर्भातल्या वॉर्डात मात्र सिकलसेल, सर्पदंश, कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा यांचे रुग्ण येतात. फवारणीतून बाधा झालेल्या शेतकऱ्याचे कपडे काढून अंग साबणाने का धुतात, असा प्रश्न पडला की कीटकनाशक त्वचेतून शरीरात जाते हे कळते. तिथून डोळ्यांच्या बाहुल्या बारीक का होतात, लाळ आणि घाम का वाढतो, अॅट्रोपिन दिल्यावर छाती आणि नाडीवर लक्ष का ठेवायचे, इथपर्यंत वाट आपोआप जाते. अशी शोधलेली माहिती परीक्षेनंतरही टिकते.

रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल, ही हरकत रास्त आहे. पण स्व-अध्ययन म्हणजे औषधाचा डोस स्वतः ठरवणे नव्हे. प्रश्न विद्यार्थ्यांचा असावा. कौशल्य आधी प्रयोगशाळेत घोटलेले आणि ट्यूटरने तपासलेले असावे. उलट, प्रश्न विचारायची सवयच नसलेली परिचारिका चुकीची ऑर्डर मुकाट्याने पाळते, हा धोका मोठा आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तके जड जातात, हेही खरे. त्यांना मराठीतून चर्चा करू द्यावी आणि वाचायला जास्त वेळ द्यावा. भाषेच्या अडचणीपायी प्रश्न विचारण्याची संधीच काढून घेऊ नये. मला खरी भीती वेगळीच वाटते. शिक्षक कमी पडले की ‘स्वतः शिका’ म्हणणे सोयीचे होते, आणि मनुष्यबळ कमी पडले की तेच विद्यार्थी ड्युटी भरून काढायला लागतात. आठ तास उभे राहून आलेल्या मुलीकडून रात्री स्वाध्यायाची अपेक्षा धरणे अन्याय आहे. म्हणून सेवाग्राम, सावंगीसह जिल्ह्यातल्या सगळ्याच नर्सिंग महाविद्यालयांना विनंती आहे: हे तास वॉर्डच्या कामासाठी वापरू नका, संध्याकाळी ग्रंथालय उघडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांनी आणलेल्या प्रश्नांवर शिक्षकांना त्यांच्यासोबत बसवा.