पीआर घेताना घराचाही हिशेब हवा

गेल्या आठवड्यात मालवणात दांडीवर एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. त्यांचा मुलगा जर्मनीत मास्टर्स पूर्ण करून सुट्टीवर आलाय. पडवीत लॅपटॉप उघडून त्याने मला तक्ता दाखवला. जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन; पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना किती वर्षांत, पॉइंट किती, पगार किती. आई बाजूला सुंगटं सोलत बसली होती. ती म्हणाली, “झिला, खंय रवाचा ता तू ठरय. पण उद्या मी आजारी पडलंय तर किती दिवस येवन रवतलंस?”

तक्त्यात हा रकाना नव्हता. माझ्या मते तो सगळ्यात आधी भरायला हवा.

पीआर मिळाला की हवं तितकं घरी येऊन राहता येतं, असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. कॅनडाचा पीआर टिकवायचा तर दर पाच वर्षांत 730 दिवस तिथे काढावे लागतात. ब्रिटनमध्ये सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की तो हक्क जातो. जर्मनीत तर आधी परवानगी घेतली नसेल तर साधारण सहा महिन्यांतच. आणि तोच जर्मनी तिथे शिकलेल्या मुलांना पीआर लवकर देतो: शिक्षणाला साजेशी दोन वर्षांची नोकरी, तेवढाच पेन्शनचा भरणा आणि बी-वन पातळीची भाषा. म्हणजे जिथे दार लवकर उघडतं तिथेच घरी राहायची मुभा सगळ्यात कमी. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं किंवा वडिलांना पक्षाघात झाला, तर सहा महिने बघता बघता सरतात.

दुसरी गोष्ट गावाची. ऑस्ट्रेलियाच्या 491 व्हिसाला 15 पॉइंट जास्त मिळतात, पण सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं आणि तीन वर्षांनी पीआरला अर्ज करता येतो. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्री या पॉइंटवर चालणाऱ्या पीआर निवडीत नोकरीच्या ऑफरचे जादा पॉइंट मार्च 2025 मध्ये बंद झाले. एखाद्या प्रांताने नामांकन दिलं तर मात्र 600 मिळतात. त्यामुळे लहान शहरांकडे बघावंच लागतं. मालवणच्या पोरांनी त्याला बिचकू नये. किनाऱ्यावरच्या लहान गावात वाढलेल्या माणसाला होबार्ट किंवा हॅलिफॅक्स मोठ्या महानगरापेक्षा लवकर मानवेल.

आपल्या आज्या-पणज्यांनी मुंबई निवडली तेव्हा गिरणगावात गावकीची खोली होती, आजारपणात धावून येणारे गाववाले होते, आणि गणपतीला घर गाठता येत होतं. पोटासाठी ते गेले, पण घराशी नातं तुटणार नाही अशाच जागी गेले. नव्या देशातही हेच बघा: अडीअडचणीला कोण आहे, रजा किती मिळते, घरी पोचायला किती वेळ लागतो.

सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2001 साली 8,68,825 होती, 2011 मध्ये 8,49,651 झाली. वाडीवाडीत म्हातारी माणसं एकटी राहताना आपण रोज बघतो. त्यांच्या नावाने मुलांचे पाय ओढावेत, असं मी म्हणणार नाही. आईबापांनीही स्पष्ट बोलायला हवं: तब्येत कशी आहे, जवळ कोण आहे, कोणाचा भरवसा आहे.

आणि नागरिकत्वाची घाई नको. पीआरवर भारतीय पासपोर्ट राहतो. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. मग ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या) कार्डावर घरची कलमांची बाग वारशाने मिळू शकते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याला पन्नाशीत परत येऊन चार कलमं लावायची आहेत, त्याने हा हिशेब आजच मांडावा. अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ घरच्यांबरोबर बसा. त्यातून जो देश ठरेल तिथे निर्धास्त मनाने जा.