बर्फावर ब्रेक कुठे?
नशिराबादला मे महिन्यात पारा ४५ला टेकतो; तिथल्या माणसाला बर्फ म्हणजे गोळ्यातला! तरी यंदा आमच्या ग्रुपचं गुलमर्ग ठरलंय, म्हणून आधीच सांगते. स्कीवर आधी वळायला नाही, थांबायला शिकायचं. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, गुडघे वाकलेले, नडग्या बुटाला टेकलेल्या. घाबरून मागे रेललात की स्की तुम्हाला घेऊन पळालीच! स्नोबोर्डवरून पडताना हात टेकू नका, मनगट जातं, मुठी आवळा. आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटला जातो म्हणून तुम्हीही जायलाच हवं असं नाही. १ फेब्रुवारी २०२३ला तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. गाइड, बीकन, प्रोब, फावडं नसेल तर खालच्या उतारावरच राहा. फोटो तिथेही झक्कास येतात.