गुणांचे वजन

परीक्षेचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : "किती गुण मिळाले?" कोणत्या विषयात मिळाले आणि तो विषय किती कठीण होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील हायस्कुलांनी मात्र हा दुसरा प्रश्न हिशेबातच घेतला आहे. आपली काही मुले तिकडे शिकायला जाऊ इच्छितात, म्हणून पालकांनी हा हिशेब समजून घ्यावा.

तेथे ए श्रेणीला 4, बी श्रेणीला 3, सी श्रेणीला 2 असे अंक देऊन सर्व विषयांची सरासरी काढतात. तिला जी.पी.ए. म्हणतात. साध्या सरासरीत सर्व विषय सारखेच. वजनी सरासरीत कठीण विषयाला जादा अंक मिळतो. कॉलेजच्या तोडीच्या ए.पी. विषयाला बहुधा एक अंक जास्त. समजा, एका मुलाने पाच सोपे विषय घेऊन पाचांत ए मिळविला. त्याची सरासरी कशीही काढा, 4.0 च येते. दुसऱ्या मुलीने तीन ए.पी. विषय घेतले, त्यांत एक ए व दोन बी, आणि उरलेल्या दोन साध्या विषयांत ए. तिची साधी सरासरी 3.6, पण वजनी 4.2. मग हुशार कोण? जादा अंकांचा नियम प्रत्येक शाळेचा निराळा असतो. म्हणून अनेक विद्यापीठे केवळ त्या आकड्यावर न विसंबता मुलाने कोणते विषय घेतले हेही पाहतात.

आपल्या मॉरिशसलाही हा प्रश्न नवा नाही. एच.एस.सी.त प्रिन्सिपल व सब्सिडिअरी असा भेद आहेच. सी.पी.ई.च्या काळात तर गुणानुक्रमावर कॉलेजातील जागा ठरे, आणि त्या क्रमात आपल्या पौर्वात्य भाषा धरल्या जात नसत. त्या धराव्यात म्हणून 1995 साली सरकारने घटनादुरुस्ती मांडली. ती संमत झाली नाही, संसद विसर्जित झाली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला मॉरिशस बेटावरील 60 पैकी एकही जागा मिळाली नाही. 2017 साली सी.पी.ई. जाऊन पी.एस.ए.सी. आली, पण त्या वादाचे मूळ विसरता कामा नये. ज्या विषयाला हिशेबात वजन नाही, त्यातून पालक मुलाला काढून घेतात.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच की, विषय निवडण्यापूर्वीच शाळेत जाऊन कोणता विषय कसा धरला जातो ते विचारा. अमेरिकेला अर्ज करताना सरासरी साधी की वजनी, हे स्पष्ट लिहा. सरासरी घसरेल या भीतीने मुलाच्या आवडीचा कठीण विषय सोडू नका. मराठीचेही तसेच. तिचे गुण कोठे धरतात याची चौकशी अवश्य करा. पण ते धरले जात नाहीत एवढ्याच कारणाने आजोबांची भाषा नातवाच्या वेळापत्रकातून काढून टाकू नका.