घरचा अभ्यास : घाट, विहीर आणि विसरलेलें गणित

दहावीची परीक्षा संपली कीं गणिताचें पुस्तक माळ्यावर जातें, आणि अकरावीचा महिना लोटतो न लोटतो तोंच मूल म्हणूं लागतें, "पदार्थविज्ञान माझ्या डोक्यांत शिरत नाहीं." मग वडील मंडळी शास्त्रशाखा सोडण्याची भाषा बोलूं लागतात. आमची विनंती एवढीच कीं, हा निकाल देण्यापूर्वीं मुलाचें नेमकें कोठें अडतें तें पाहावें. पुष्कळदां तें विसरलेल्या गणितांत अडलेलें असतें. महाराष्ट्र मंडळाच्या २०१९ सालच्या अकरावीच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत दुसरेंच प्रकरण गणिती पद्धतींचें होतें, तें कांहीं उगीच नव्हे. शहापूर-मुरबाडच्या मुलांना तर उजळणीसाठीं उदाहरणें शोधीत दूर जावयास नको.

पहिली उजळणी प्रमाण व त्रिकोण यांची. शहापूर तालुक्यांतील कसाऱ्याहून इगतपुरीस जातांना थळघाटांत लोहमार्गाचा चढ सदतिसांस एक आहे. म्हणजे ३७ फूट पुढें गेल्यावर गाडी १ फूट वर चढते. हा कोन जेमतेम दीड अंशाचा. त्याची साइन सुमारें एक सदतिसांश. म्हणून १,००० टनांच्या गाडीस सुमारें २७ टनांच्या वजनाइतकें बल मागें ओढतें. कसाऱ्यास जादा एंजिनें कां जोडतात, याचें उत्तर या छोट्या अपूर्णांकांत आहे.

दुसरी उजळणी पक्षांतराची. विहिरींत सोडलेला दगड १ सेकंदांत ४.९ मीटर पडतो. २ सेकंदांत मात्र दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १९.६ मीटर. कारण अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. आतां विचारा, "१० मीटर पडण्यास वेळ किती?" दहास ४.९ नें भागून वर्गमूळ काढावें; उत्तर सुमारें १.४३ सेकंद. सूत्र पाठ असूनही येथें अडखळणारीं मुलें थोडीं नाहींत.

तिसरी उजळणी दहाच्या घातांची. मुरबाडकडून वर चढणाऱ्या नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेखांत यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आंकडे कोरलेले आहेत. त्यांत शून्य नाहीं. शंभरास व हजारास निरनिराळीं चिन्हें आहेत. आज सूर्याचें अंतर आपण १.५ गुणिले दहाचा अकरावा घात मीटर असें लिहितों. प्रकाशाचा सेकंदाचा वेग ३ गुणिले दहाचा आठवा घात मीटर. भागाकारांत घात वजा होतात. उत्तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून थोडें अधिक.

रोज अर्धा तास, असे पंधरा दिवस ही उजळणी घरीं करवावी. त्यासाठीं आईवडिलांस पदार्थविज्ञान आलेंच पाहिजे असें नाहीं. "प्रत्येक पायरी मला समजावून सांग," एवढें म्हटलें तरी पुरे. जेथें मूल थांबेल, तेथें पुस्तक उघडावें. शाखा बदलण्याचा विचार त्यानंतर करावा. बहुधा तो करावाच लागणार नाहीं.