फिलाडेल्फियाच्या पहिल्या विजेत्यांचं तुम्ही काय केलंत?

व्यावसायिक अल्टिमेट फ्रिस्बीच्या लीग काढणाऱ्या, चालवणाऱ्या आणि बंद करणाऱ्या मालक मंडळींना,



फिलाडेल्फिया स्पिनर्सचा चाहता म्हणून हे पत्र लिहितो आहे. तो संघ आज नाही. मैदानावर त्याला कुणी संपवलं असतं तर मी एका शब्दानं तक्रार केली नसती. हरणं खेळात असतंच. पण त्याला मैदानाबाहेर संपवलं गेलं, आणि ते माझ्या मनातून जात नाही.

२०१२ साली अमेरिकन अल्टिमेट डिस्क लीगचा पहिला हंगाम झाला. आठ संघ होते. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये अंतिम सामना झाला आणि आमच्या पोरांनी इंडियानापोलिसच्या अ‍ॅलीकॅट्सना २९-२२ असं हरवलं. या खेळाच्या पहिल्या व्यावसायिक लीगचं पहिलं विजेतेपद! नोकऱ्या आणि शिक्षण सांभाळून खेळणारी ही मुलं. यातल्या कुणाचं पोट डिस्कवर चालत नव्हतं. तरी ती जिवाच्या आकांतानं अंग झोकून द्यायची.

त्याच उन्हाळ्यात तुमची भाऊबंदकी सुरू झाली. न्यूयॉर्क आणि बॉस्टनला नवे संघ काढायचं ठरलं. लीगमधल्या कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या संघांचे मालक म्हणाले, ही आमची हद्द. प्रकरण कोर्टात गेलं. पुढच्या हंगामात कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड हे दोन्ही संघ लीगमध्ये नव्हते. आणि आमचे विजेते? ते मेजर लीग अल्टिमेट नावाच्या नव्या लीगमध्ये गेले. जुन्या लीगनं २०१३ मध्ये त्याच फिलाडेल्फियात फिनिक्स नावाचा दुसरा संघ उभा केला. एका शहरात दोन संघ, आणि लीग वेगळ्या म्हणून स्पर्धेत त्यांची गाठ कधी पडलीच नाही. मुळात मोजका प्रेक्षक असलेल्या खेळाचे तुम्ही दोन तुकडे केलेत. कोणता तुकडा आमचा, हे आम्हाला विचारावंसं तुमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

हा खेळ १९६८ मध्ये शेजारच्या न्यू जर्सीत, मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये जन्मला. पंचांशिवाय वाढला. फाउल खेळाडूच पुकारतात, वाद झाला तर जागच्या जागी बोलून मिटवतात. तुम्ही पंच आणलेत, बारा-बारा मिनिटांची चार सत्रं आणलीत, डिस्क हातात ठेवण्याची मुदत दहा सेकंदांवरून सातवर आणलीत. ते मी मनापासून स्वीकारलं. खेळ वेगवान झाला, पाहायला सोपा झाला. पण जुन्या लीगनं एक नियम जपला: पंचांचा चुकीचा निर्णय आपल्या बाजूनं लागला, तर खेळाडूनं स्वतः पुढे येऊन तो फिरवावा. ऐन सामन्यात, घड्याळ चालू असताना, आपल्याच संघाचं नुकसान करून! विशी-पंचविशीतल्या मुलाकडून एवढी अपेक्षा ठेवणाऱ्या मोठ्या माणसांना एका टेबलाभोवती बसून शहरांची वाटणी करता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

नव्या लीगचे आठही संघ लीगच्याच मालकीचे होते. त्यामुळे डिसेंबर २०१६ मध्ये तिनं कामकाज थांबवल्यावर बॉस्टनपासून व्हँकुव्हरपर्यंत आठही संघ एकदम गेले. त्यांत स्पिनर्सही गेले. शहर तेच होतं, खेळाडू होते, आम्ही होतो. पण संघ आमचा कधी नव्हताच, हे त्या दिवशी कळलं. पुढच्या वर्षी सिल्व्हरडोमही पाडलं. जुनी लीग मात्र चालू राहिली, २०२४ मध्ये तिनं अल्टिमेट फ्रिस्बी असोसिएशन असं नाव घेतलं. फिनिक्सही खेळतो आहे. त्या मुलांवर माझा काडीचाही राग नाही, त्यांच्यासाठीही मी टाळ्या वाजवतो. पण त्यांच्यासाठी ओरडताना घसा मोकळा होत नाही, आणि तो दोष त्यांचा नाही.

माझं मागणं मोठं नाही. फिनिक्सच्या घरच्या एका सामन्याला २०१२ च्या संघातल्या प्रत्येकाला सन्मानानं बोलवा. विजेतेपदाचा फलक लावा आणि त्यावर नाव स्पिनर्सचंच लिहा. आणि इथून पुढे कुठल्याही शहरातला संघ हलवायचा, विकायचा किंवा बंद करायचा असेल, तर कागदावर सही करण्याआधी त्या शहरातल्या प्रेक्षकांना एकदा समोर बसवून सांगा.

आपला,
स्पिनर्सचा एक चाहता