कर्जाची बदली

बँकेच्या नोकरीत 'बदली' हा मोठा धास्तीचा शब्द. बिऱ्हाड हलते, मुलांच्या शाळा बदलतात. काम मात्र होते तेच राहते. क्रेडिट कार्डावरच्या थकबाकीसाठी बँका हल्ली 'बॅलन्स ट्रान्सफर'ची जी आमंत्रणे पाठवतात, ती वाचताना मला या बदलीची आठवण होते. एका कार्डावरचे देणे दुसऱ्या बँकेच्या कार्डावर न्यायचे. तिथे काही महिने व्याज कमी, किंवा शून्य. देणे तेवढेच राहते, त्याचा पत्ता तेवढा बदलतो.

ही सोय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज सर्रास आकारले जाते. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा कागद-पेन्सिल आपणच हाती घेतलेली बरी.

एक लाखाची थकबाकी आणि घरखर्च भागवून महिन्याला नऊ हजार भरण्याची ऐपत, असे एक कुटुंब धरू. नवी खरेदी बंद करून साडेतीन टक्क्यांच्या जुन्या कार्डावरच राहिले, तर पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० आणि त्यावरचा कर ६३०. नऊ हजारांतले जवळजवळ निम्मे इथेच संपले. देणे फिटायला सोळा महिने लागतील आणि मुद्दलावर सुमारे साडेछत्तीस हजार जास्तीचे जातील.

आता दोन आमंत्रणे पाहू. पहिले म्हणते: तीन महिने व्याज शून्य, शुल्क दोन टक्के, पुढे साडेतीन टक्के. दुसरे म्हणते: बारा हप्ते, घटत्या शिलकीवर महिन्याला एक टक्का, शुल्क एक टक्का. शून्य हा आकडा मोठ्या ठशात असतो, त्यामुळे हात पहिल्याकडे जातो. पण तीन महिन्यांत आपले कुटुंब सत्तावीस हजारच फेडू शकते. उरलेले त्र्याहत्तर हजार चौथ्या महिन्यापासून साडेतीन टक्क्यांच्या तावडीत सापडतात. शुल्क आणि कर धरून या शून्याची किंमत सुमारे वीस हजार. दुसऱ्यात हप्ता जवळपास तेवढाच, नऊ हजारांचा. एकूण जास्तीचा खर्च मात्र सुमारे नऊ हजार. आणि तीन महिन्यांच्या आत बोनस किंवा विम्याची रक्कम हमखास यायची असेल, तर पहिलेच आमंत्रण स्वस्त. ते २,३६० रुपयांत निभावते. म्हणजे कोणते आमंत्रण चांगले, हे बँकेच्या दरावर ठरत नाही. आपण दरमहा किती भरू शकतो, यावर ठरते.

दुसऱ्या आमंत्रणात 'घटत्या शिलकीवर' या दोन शब्दांची खात्री करून घ्यावी. तिथे 'फ्लॅट' असेल, तर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला बारा नव्हे, साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतात. कारण फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालू राहते. शिवाय नव्या कार्डावर खरेदी केली, तर तिला बिनव्याजी मुदत मिळेलच असे नाही. हे लेखी विचारावे.

आकडेमोड इथे संपते. खरी गोची घरात आहे. सोने गहाण टाकायचे तर कपाट उघडावे लागते, कुणीतरी विचारते. गृहकर्जाला बहुधा दोघांच्या सह्या लागतात. कार्डावरचे कर्ज मात्र मोबाइलवर, बसल्या जागी, कुणाच्याही नकळत एका बँकेतून दुसरीकडे जाते. जुने कार्ड रिकामे होते, त्याची मर्यादा पुन्हा मोकळी होते, आणि दिवाळीपर्यंत दोन्ही कार्डे भरलेली असतात. बँकेतल्या उमेदीत मी एकाच कुटुंबाची दोन खाती अनेकदा पाहिली: पत्नीची मुदत ठेव आणि पतीचे महागडे कर्ज, एकाच छपराखाली, एकमेकांची ओळख नसल्यासारखी. ठेवीवर मिळणारे व्याज कार्डाच्या व्याजाच्या पाव हिश्शाइतकेही नसते. ती ठेव मोडली, किंवा तिच्यावर एक-दोन टक्के जादा दराने कर्ज काढले, तरी कोणत्याही बॅलन्स ट्रान्सफरपेक्षा ते सहसा स्वस्त पडते. असे आमंत्रण कोणतीही बँक आपण होऊन पाठवत नाही. ते घरातल्याच दोन माणसांनी एकमेकांना द्यावे लागते, आणि त्यासाठी आधी देणे कबूल करावे लागते.

बँकांकडे माझे एकच मागणे आहे. टक्के खुशाल छापा. पण त्याच ठशात 'दरमहा इतके भरलेत तर एकूण इतके रुपये द्याल' ही एक ओळही छापा. आणि ग्राहकांना एवढेच: देणे हलवलेत, तर जुने कार्ड बाकी शून्य करून बंद करा. बाकी नसलेले कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. अर्ज करा, पोच घ्या, आणि ती पोच घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.