गुटेनबर्गची उधारी

युरोपातल्या पुस्तकाची गोष्ट गुटेनबर्गच्या छापखान्यापासून सुरू करायची आणि तिथेच आटोपायची, अशी आपली पाठ्यपुस्तकी सवय आहे. त्या छापखान्याचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. माइन्त्सच्या योहान फुस्ट या धनिकाने गुटेनबर्गला दोनदा आठशे-आठशे गिल्डर दिले होते. गुटेनबर्गचं बायबल हातावेगळं होत असतानाच, १४५५ साली, फुस्टने वसुलीचा दावा लावला आणि जिंकला. बायबलला गिऱ्हाईक नव्हतं असं मुळीच नाही. सुमारे १८० प्रतींना काम पुरं होण्याआधीच मागणी होती. घोडं अडलं पैशापाशी. कागद, चामडं, मजुरी आधी रोख मोजायची आणि विक्रीचा पैसा वर्षा-दोन वर्षांनी यायचा. म्हणूनच युरोपात पुस्तक रुजवण्याचं श्रेय मी यंत्रापेक्षा पैसा फिरवणाऱ्या व्यापाऱ्याला अधिक देईन.

हाताने पुस्तकं उतरवणारा लेखनिक बहुधा मागणी आल्यावर लेखणी उचलायचा. छापणाऱ्याला मात्र गिऱ्हाईक कोण हे कळण्याआधीच शेकडो प्रती काढाव्या लागत. व्हेनिसमध्ये जहाजं होती, पेढ्या होत्या. तरी तेच ते लॅटिन ग्रंथ सगळ्यांनी छापल्यामुळे १४७३च्या सुमारास बाजार तुंबला आणि कित्येकांनी गाशा गुंडाळला. आल्डुस मानुशियसने १५०१पासून अभिजात ग्रंथ लहान, हातात मावेल अशा आकारात काढले, तेही याच बाजारात. अँटवर्पचा मुद्रक क्रिस्तोफ प्लांतँ याची हिशेबवही तर आजही शाबूत आहे. स्पेनच्या राजाच्या भरवशावर त्याने आठ खंडांचं बहुभाषी बायबल काढलं (१५६८–७२) आणि कर्जात रुतला. त्याला तारलं ते स्पेनसाठी प्रार्थनापुस्तकं छापण्याच्या मक्त्याने. पुस्तकं न बांधता, सुट्या तावांच्या रूपात पिंपांत भरून फ्रांकफुर्टच्या जत्रेला जात. वर्षातून दोनदा भरणाऱ्या त्या जत्रेत उधारीही चुकती होई. बांधणीचा खर्च गिऱ्हाइकाच्या गळ्यात, हा शहाणपणाचा भाग.

यावर कुणी धर्मसुधारक लूथरकडे बोट दाखवील: विचारात दम असला की कागद आपोआप खपतो! पण त्याची गाजलेली पत्रकं बघा. एका तावात आठ पानं बसतात; बहुतेक पत्रकं एक-दोन तावांतच उरकत. छापायला दिवस थोडे, पैसा लगेच परत. १५२२चा जर्मन नवा करार जाडजूड होता, तेव्हा चित्रकार लुकास क्रानाख आणि सोनार क्रिस्टियान ड्योरिंग यांना पदरचा पैसा घालावा लागला.

उलट बाजूचा पुरावा आपल्याकडेच आहे. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन अक्षरांत छापलं गेलं. तरी त्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली छपाई थंडावली. देशी भाषांविषयीचं पोर्तुगीज धोरण हे त्याचं एक कारण, हे खरंच. पण सगळा छापखाना धर्मप्रसारकांच्या गरजेवर चाललेला; ती गरज आटल्यावर धंदा म्हणून तो पुढे नेणारा एकही पुस्तकविक्या तिथे उभा राहिलेला दिसत नाही.